माग्ल्वार कशाने पडला: कॉफीने, वादळाने की मुदतीच्या तारखेने?

धांडोळा
हैतीचा विषय निघाला की चर्चा थेट हुकूमशहा डॉक्टर द्युव्हालिए आणि त्याच्या खाजगी फौजेवर, म्हणजे तोंतों माकूतांवर जाते. त्याच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष पॉल माग्ल्वार दोन ओळींत उरकला जातो, आणि मला ते चूक वाटतं, कारण द्युव्हालिएची वाट याच गड्याने मोकळी करून ठेवली.

थोडक्यात पार्श्वभूमी. 1907 चा जन्म, उत्तरेतल्या काप-आयसियाँजवळच्या गावचा, बाप जनरल. अमेरिकी ताब्याच्या काळात (1915 ते 1934) मरीन्सनी घडवलेल्या गार्दमध्ये, म्हणजे हैतीच्या सैन्यात, अधिकारी झाला. जानेवारी 1946 मध्ये राष्ट्राध्यक्ष एली लेस्कोला हटवणाऱ्या त्रिकुटात लावो, लेव्हेल्त आणि हा, असे तिघे. त्या वेळी याच्या हातात राजवाड्याच्या पहाऱ्याची तुकडी होती, म्हणजे खरी किल्ली. त्यांनी सत्ता दुमार्से एस्तिमेकडे जाऊ दिली. एस्तिमेने मुदत वाढवायला घटनादुरुस्ती मागितली, सिनेटने नकार दिला, जमावाने सिनेटचं सभागृह फोडलं, आणि 10 मे 1950 ला त्याच तिघांनी एस्तिमेला घरी पाठवलं. ऑक्टोबरात माग्ल्वार थेट मतदानाने निवडून आला, 6 डिसेंबरला शपथ घेतली. डिसेंबर 1956 मध्ये जमैकाला पळाला.

माझं म्हणणं: त्याला ना कॉफीने पाडलं, ना वादळाने. एस्तिमेला ज्या कारणावरून काढलं तेच याने केलं, आणि या वेळी बाजूला उभं राहायला सैन्यात कुणी नव्हतं.

चौकस
असहमत. 'मुदत वाढवली म्हणून पडला' हे वर्तमानपत्री कारण झालं. भरल्या खजिन्यावर बसलेला माणूस मुदत वाढवतो तेव्हा लोक कुरकुरतात आणि गप्प बसतात. रिकाम्या खजिन्यावर बसलेला वाढवतो तेव्हा दुकानं बंद होतात. तेव्हा आधी खजिना बघू.

हैती सरकारचा पैसा मुख्यतः बंदरावरून येई: आयात जकात आणि कॉफीवरचा निर्यात कर. डोंगरातला शेतकरी वाळवलेली कॉफी परवानाधारक दलालाला विकतो, तिथे त्याला 'स्पेक्युलातर' म्हणतात. दलाल ती बंदरातल्या मोजक्या निर्यातदार पेढ्यांना देतो. प्रत्येक जण आपला हिस्सा कापतो, आणि कराचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून वळता होतो. कोरियन युद्धाच्या वर्षांत भाव चढे होते. 1953 च्या जुलैत ब्राझीलच्या पराना प्रांतात हिमतुषारांनी कॉफीची झाडं करपली, तेव्हा 1954 मध्ये भाव आभाळाला भिडले. 1955 मध्ये ते घसरले. माग्ल्वारचे चांगले दिवस आणि हा आलेख एकमेकांवर ठेवून पाहा, वेगळं काही सांगावं लागणार नाही.

उत्तरा
चौकस, त्यात हेझल चक्रीवादळ धरलंत का? 12 ऑक्टोबर 1954 ला वादळ नैऋत्य द्वीपकल्पावरून गेलं. कॉफीची साधारण 40 टक्के झाडं आणि कोकोचं निम्मं पीक गेलं असा अंदाज सांगितला जातो. कॉफीचं नवं रोप लावलं की पीक धरायला तीन-चार वर्षं जातात. तिथली कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते, ती सावलीची झाडंही मोडली, मग उरलेली झुडपं उन्हात होरपळतात. उतारावरची माती मोकळी झाली की पुढच्या पावसात तीही जाते. म्हणजे 1954 चं नुकसान 1957-58 पर्यंत पुरणारं होतं. वर दोन वर्षांत भाव पडला. माल कमी आणि भावही कमी.

हैतीचं चलन गूर्द 5 ला 1 डॉलर असं बांधलेलं होतं, त्यामुळे नोटा छापून वेळ मारून न्यायचीही सोय नव्हती.

धांडोळा
आकडे मान्य. पण मग 1955 मध्ये का नाही पडला? हेझलनंतर दोन वर्षं तो टिकला. जानेवारी 1955 मध्ये अमेरिकेत जाऊन काँग्रेसच्या संयुक्त सभेत भाषण केलं, न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक काढून घेतली. त्याच वर्षी उपाध्यक्ष निक्सन हैतीत येऊन गेले. उपासमारीने सरकार पडायचं असतं तर द्वीपकल्पावरची गावं आधी पेटली असती. पेटलं ते राजधानीचं पोर्तोप्रँस, आणि तेही तारखेवरून.

उत्तरा
कारण वादळानंतर आलेल्या मदतीचं काय झालं ही चर्चा पसरायला वेळ लागला. मदतीचा पैसा आणि सामान मधल्या मधे गेल्याचे आरोप शहरात उघड बोलले जाऊ लागले. त्यात पोलीसप्रमुख मार्केस प्रॉस्पेर याची श्रीमंती सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. शहरातल्या माणसाला अंदाजपत्रक कळत नाही, अधिकाऱ्याचा नवा बंगला कळतो.

खलाशी
तुम्ही तिघेही माग्ल्वारचं काम विसरताय. 'भ्रष्ट लष्करशहा' म्हणून फाईल बंद करायची घाई नको. काप-आयसियाँच्या रस्त्यांचं आणि पाण्याचं काम झालं, पर्यटन वाढलं, आणि पेलिग्र धरण याच्याच काळात उभं राहिलं. आर्तिबोनीत नदीवरचं, सुमारे 72 मीटर उंच. अमेरिकेच्या एक्झिम बँकेचं 1 कोटी 40 लाख डॉलरचं कर्ज त्यासाठी घेतलं. खोऱ्यातली भातशेती त्या पाण्यावर उभी आहे. पक्षपात नको म्हणून सांगतो, त्याच्या काळात माणसं तुरुंगात गेली, वर्तमानपत्रं बंद पडली, पण पुढे जे आलं त्याच्याशी तुलना केली तर हा माणूस मवाळच म्हणायचा.

चौकस
पेलिग्र काढलंत ते बरं केलंत. धरण 1956 मध्ये तयार झालं आणि वीज मिळाली 1971 मध्ये, कारण जनित्रंच बसवली नव्हती. पंधरा वर्षं भिंत उभी, पाणी अडलेलं, आणि विजेचं उत्पन्न शून्य. कर्ज मात्र डोक्यावर. जलाशयाखाली नदीकाठची चांगली जमीन गेली, तिथले शेतकरी वर डोंगरात सरकले, तिथे झाडं तोडून शेती केली, आणि ती माती पावसाबरोबर त्याच जलाशयात आली. धरण गाळाने भरायची व्यवस्था धरणानेच केली. भाताला पाणी मिळालं हे खरं. पण 1956 च्या अंदाजपत्रकात ही कामगिरी नसून बोजा होता, आणि मी तेच म्हणतोय.

1 जानेवारी 1954 चा स्वातंत्र्याचा दीडशेवा वाढदिवसही याच खात्यातला. फ्रेंचांविरुद्धची 1803 ची व्हेर्तिएरची निर्णायक लढाई सैनिकांना जुने गणवेश घालून पुन्हा लढायला लावली. फेब्रुवारीत टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर साहेब झळकले. आठ महिन्यांनी हेझल.

धांडोळा
चौकस, उत्तम, पण 6 डिसेंबर 1956 या एका दिवसाकडे या. घटना सहा वर्षांची, लगेच पुन्हा उभं राहायला मनाई. मुदत नेमकी कधी संपते यावर वर्षभर घोळ घातला गेला. विरोधक म्हणत आता संपली, तो म्हणे अजून आहे. मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर. शपथेपासून मोजा, नाहीतर कसंही मोजा, 6 डिसेंबरला सहा वर्षं भरतातच. त्या दिवशी त्याने केलं काय? राष्ट्राध्यक्षपद सोडलं, आणि सैन्याने विनंती केली म्हणून 'कार्यकारी सत्तेचा प्रमुख' या नावाने तीच खुर्ची घेतली. एका हाताने राजीनामा, दुसऱ्या हाताने नेमणूक.

त्यावर पोर्तोप्रँसने बंद पुकारला. दुकानं, कचेऱ्या, न्यायालयं ठप्प. मोर्चा असता तर सैन्याला निशाणा मिळाला असता. बंदात माणूस घरात बसतो, बंदूक रोखायची कुणावर? राजवाड्याच्या मागेच देसालिन बराकी, पण त्या बराकीतून कुलूप लावलेल्या दुकानाचं काय करणार? सहा दिवसांत खेळ संपला. 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख नेमूर प्येर-लुई हंगामी अध्यक्ष झाले.

उत्तरा
हे चित्र बरोबर आहे, पण त्यातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. दुकानदार बंद का पाळतो? कॉफीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतो, डिसेंबरात बाजारात पैसा खेळायला हवा. धंदा तेजीत असताना गल्ला बंद ठेवायला कोण तयार होईल? 1956 मध्ये गल्ला तसाही रिकामा होता, त्यामुळे बंद स्वस्तात पडला. तारीख हे निमित्त.

खलाशी
आणि धांडोळा, एस्तिमेशी तुलना अर्धीच जुळते. एस्तिमे निवडून आला तो संसदेच्या मतांनी. माग्ल्वार थेट जनतेच्या मतांनी आलेला पहिला अध्यक्ष. हे काही लहान नाही.

चौकस
थेट मत, पण पुरुषांचं. 1950 च्या घटनेने बायकांना हक्क कागदावर दिला, अध्यक्ष निवडायला त्या पहिल्यांदा गेल्या 1957 मध्ये. आणि 1950 चा प्रतिस्पर्धी, फेनेलॉन आल्फाँस नावाचा वास्तुविशारद, नावापुरता होता. ज्या अधिकाऱ्याने मे महिन्यात सत्ता घेतली तोच ऑक्टोबरात उमेदवार. अशी निवडणूक कुणीही जिंकेल.

धांडोळा
म्हणूनच मी सैन्यावर बोट ठेवतोय. त्याच्यानंतर काय झालं ते पाहा. प्येर-लुई फेब्रुवारीपर्यंत. मग फ्राँक सिल्व्हँ एप्रिलपर्यंत. मग कार्यकारी मंडळ. मग दानिएल फिन्योले, तो 19 दिवस. जूनमध्ये जनरल केब्रोने त्याला विमानात बसवलं, आणि 22 सप्टेंबर 1957 ला मतदान, त्यात द्युव्हालिए. नऊ महिन्यांत ज्याच्या हातात बंदूक त्याने अध्यक्ष नेमला आणि काढला. भाव पडल्याने हे होत नाही. एका अधिकाऱ्याने स्वतःसाठी वापरलेली वाट बाकीच्यांनाही ठाऊक झाली म्हणून होतं.

उत्तरा
उलट मला यात माग्ल्वारचा दोष कमी आणि द्युव्हालिएची हुशारी जास्त दिसते. माग्ल्वारच्या काळात तो डॉक्टर 1954 पासून लपून होता, 1956 च्या माफीनंतर बाहेर आला. सगळं नीट पाहिलं त्याने. निवडून आल्यावर पहिली काळजी हीच घेतली की राजवाड्याचा पहारा कुणा एका अधिकाऱ्याची खाजगी दौलत राहू नये. वरिष्ठांना सतत बदललं, सैन्याला समांतर माकूत उभे केले, 1961 मध्ये लष्करी अकादमीच बंद केली. आणि गंमत अशी की कॉफीचा कर त्यानेही तसाच वसूल केला, तरी मरेपर्यंत, म्हणजे 1971 पर्यंत, टिकला.

चौकस
उत्तराताई, हे शेवटचं वाक्य तुमच्याच बाजूला कात्री लावतंय. कॉफीने अध्यक्ष पडतात असं आपण दोघं वर म्हणत होतो.

उत्तरा
नाही लावत. रिकामा खजिना माग्ल्वारला पाडू शकला, कारण सैनिकांचं पोट पगारावर होतं. माकूताला सरकारी पगाराची गरज नव्हती, तो लोकांकडूनच वसूल करायचा. खर्चाची ती ओळच द्युव्हालिएने अंदाजपत्रकाबाहेर काढली.

खलाशी
या मुद्द्यावर वेगळा धागा काढा. माग्ल्वारपुरतं एवढंच: न्यूयॉर्कमध्ये राहिला, द्युव्हालिएने नागरिकत्व काढून घेतलं, 1986 मध्ये त्याचा मुलगा, धाकटा द्युव्हालिए, पळाल्यावर माग्ल्वार परतला, आणि जुलै 2001 मध्ये पोर्तोप्रँसमध्ये वारला. सैन्य 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदने आधीच मोडून टाकलं होतं.