शस्त्रसंशोधनाच्या मधल्या टप्प्यावर सरकारनं पैसा ओतावा का?

पाचर (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो. लेझर, विद्युतचुंबकीय तोफा, स्वतःहून लक्ष्य शोधणारी ड्रोन्स अशा नव्या शस्त्रांमागचं मूलभूत विज्ञान सरकारनं पोसावं. तयार झालेलं शस्त्र कामाचं निघालं तर विकतही घ्यावं. पण मधला जो टप्पा आहे, म्हणजे 'तत्त्व कळलंय, आता याचं शस्त्र होतंय का बघू', तिथून सरकारनं हात काढून घ्यावा असं माझं मत आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या जमाखर्चात या टप्प्यांना चक्क क्रमांक आहेत. ६.१ मूलभूत, ६.२ उपयोजित, ६.३ म्हणजे त्यापुढचा प्रगत तंत्रविकास. मी म्हणतो तो मधला टप्पा ६.२ पासून सुरू होतो, आणि पैसा मुरतो तो तिथून पुढे.

दोन उदाहरणं देतो. अमेरिकी नौदलानं २००५ साली रेलगनचं काम हाती घेतलं. दोन समांतर पट्ट्या, मधे गोळा, आणि बारुदाऐवजी प्रचंड विद्युतप्रवाह. डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियात डालग्रेनला ३३ मेगाज्यूल ऊर्जेचा बार उडवला. व्हिडिओ झकास होता, गोळ्यामागे आगीचा लोळ वगैरे. पण दर बारागणिक पट्ट्या झिजत होत्या आणि जहाजावर एवढी वीज आणायची कुठून हा प्रश्न होताच. २०२१ मध्ये प्रकल्प गुंडाळला. खर्च सुमारे ५० कोटी डॉलर.

दुसरं विमानातलं लेझर. बोइंग ७४७ च्या पोटात रासायनिक लेझर आणि नाकावर फिरता बुरूज. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यानं उडतं क्षेपणास्त्र खरोखर पाडलं, आणि २०११ मध्ये प्रकल्प बंद. सोळाएक वर्षं, ५ अब्ज डॉलरहून जास्त. विमान २०१४ साली भंगारात.

विनंती: आपलं सरकार, त्यांचं सरकार, अमका पक्ष यावर धागा नेऊ नका. मग प्रतिसाद शंभर होतात आणि चर्चा शून्य.

तिसरी घंटा

पाचर, उदाहरणं चांगली निवडलीत, फक्त ती तुमच्याच विरोधात जातात.

७४७ उडवून खरं क्षेपणास्त्र पाडायचं याला उपयोजित संशोधन कुणी म्हणत नाही, ते बरंच पुढचं काम झालं. तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांचा आक्षेप आठवा. त्यांचं म्हणणं होतं की सुरक्षित अंतरावरून मारायचं तर लेझर आहे त्याच्या वीस ते तीस पट ताकदवान हवं, नाहीतर हे अवजड विमान शत्रूच्या हद्दीत घिरट्या घालत बसवावं लागेल. आता सांगा, 'किती ताकद लागेल आणि रसायनं वापरून ती मिळेल का' हा प्रश्न कुठल्या टप्प्याचा? ६.२ चाच ना? तो जमिनीवर, प्रयोगशाळेत, स्वस्तात निकालात काढायचा असतो. उत्तर हाती यायच्या आधी विमान घेतलं, म्हणून ते अब्जावधी गेले. मधला टप्पा उपाशी ठेवला की पुढचा टप्पा दसपट खातो.

रेलगनचं अर्धंच सांगितलंत. तोफ मेली, गोळा जगला. तिच्यासाठी बनवलेला अतिवेगवान गोळा साध्या तोफांमधूनही मारता येतो असं लक्षात आलं. २०१८ च्या रिमपॅक या बहुराष्ट्रीय नौदल सरावात एका विनाशिकेच्या नेहमीच्या ५ इंची तोफेतून तसे वीस गोळे डागले. सप्टेंबर २०२० मध्ये जमिनीवरच्या हॉवित्झरमधून त्याच गोळ्यानं हवेतलं लक्ष्य पाडलं. ५० कोटी पूर्ण वसूल झाले असं मी म्हणत नाहीये. पण हे सगळं 'मुरलं' या खात्यात टाकायचं?

आणि 'मूलभूतला द्या' हे ऐकायला फार गोड लागतं. १९६० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्यानं 'हाइंडसाइट' नावाचा अभ्यास केला. वीस शस्त्रप्रणाली घेतल्या आणि त्या कशाकशामुळे शक्य झाल्या ते मागे जाऊन मोजलं. सुमारे ७०० टप्पे निघाले. त्यातले ९१ टक्के तंत्रज्ञानातले, ९ टक्के विज्ञानातले. निव्वळ कुतूहलापोटी केलेलं संशोधन किती? ०.३ टक्के.

उंटावरचा

०.३ टक्के! पाचरसाहेब, पाणी घ्या. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पाचर

अहो, त्या हाइंडसाइटची पुढची गोष्टही सांगा की. त्यांनी मागे पाहिलं ते साधारण वीस वर्षं. १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननं 'ट्रेसेस' अभ्यासात पन्नास वर्षं मागे पाहिलं, तर महत्त्वाच्या टप्प्यांपैकी ७० टक्के कुठलाही ठरावीक हेतू नसलेल्या संशोधनातले निघाले. पैसे वाटणाऱ्या खात्याला जो आकडा हवा होता तो त्या खात्याला मिळाला, विज्ञानवाल्यांना त्यांचा मिळाला.

विमानातल्या लेझरबद्दलचा मुद्दा मात्र मान्य. माझं उदाहरण चुकीच्या खणात पडलं.

रानजाई

तुम्ही दोघं हिशेबावर भांडताय. मला त्याआधीचं बोलायचंय.

पहिलं महायुद्ध, २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर स्वतः आघाडीवर हजर होता, क्लोरीनची नळकांडी उघडली गेली तेव्हा. क्लोरीन विषारी आहे हे कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांनाच माहीत होतं. मूलभूत शोध काहीच नव्हता त्यात. वारा कसा हवा, नळकांडी किती अंतरावर पुरायची, वायू जमिनीलगत कसा सरपटेल, एवढंच काम. म्हणजे शंभर टक्के 'मधला टप्पा'. ज्ञानाचं शस्त्र बनतं ते इथे. त्यामुळे सरकार या टप्प्याला पैसा देतं तेव्हा ते नुसती उत्सुकता भागवत नसतं, एक निर्णय घेत असतं. तो निर्णय संसदेत होत नाही, कुठल्यातरी समितीच्या बैठकीत तिसऱ्या क्रमांकाच्या विषयात उरकतो.

पाचर, तुमच्या निष्कर्षाशी सहमत आहे, कारणांशी नाही. उद्या हे सगळं स्वस्तात झालं तर तुमची काहीच हरकत नसेल, माझी असेल.

जुनी फाईल

मी शास्त्रज्ञ नाही. एका सरकारी प्रयोगशाळेत लेखा विभागात आयुष्य काढलं, नाव सांगत नाही. या धाग्यावर सगळे पैसा किती आणि कशाला यावर बोलताहेत, पैसा कधी येतो यावर कुणीच नाही.

आमच्याकडे मंजुरीला आठ-नऊ महिने जायचे. आर्थिक वर्ष संपायला दोन महिने उरले की निधी हातात. खर्च झाला नाही तर परत, आणि परत गेला की पुढच्या वर्षी 'तुम्हाला लागतच नाही' म्हणून कात्री. मग त्या दोन महिन्यांत काय विकत घेता येतं? माणूस घेता येत नाही, भरतीला वर्ष लागतं. प्रयोगाचा वेळ घेता येत नाही. यंत्र घेता येतं. एकदा असंच मोठं शेकर घेतलं. उपकरणं गदागदा हलवून तपासायचं यंत्र, आमच्याकडे सगळे शेकरच म्हणायचे. त्याला वेगळा काँक्रीटचा पाया लागतो. पाया बांधकाम विभागाचा, त्याची फाईल निराळी, मंजुरी निराळी. तीन वर्षं ते यंत्र लाकडी खोक्यात व्हरांड्यात उभं. लोक त्यावर नोटिसा चिकटवायचे. लेखापरीक्षणाला दरवर्षी 'प्राप्त, सुस्थितीत' असा शेरा. खोटं काहीच नव्हतं त्यात.

तेव्हा ६.१ की ६.२ हे ठरवा खुशाल. पण पैसा वर्षाच्या तुकड्यांत येणार आणि संशोधन वर्षाच्या तुकड्यांत होणार नाही, याचं काय?

तिसरी घंटा

जुनी फाईल काका, दंडवत. हे कुठल्या अहवालात मिळत नाही.

यावर एक तोड दार्पाची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेची, आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक उडाला आणि चार महिन्यांत, फेब्रुवारी १९५८ मध्ये, ही संस्था निघाली. तिथला प्रकल्पप्रमुख साधारण तीन ते पाच वर्षांसाठी येतो आणि जातो. आजन्म कुणी चिकटत नाही, म्हणून मेलेला प्रकल्प खांद्यावर वाहायची हौसही कमी. २००४ ची चालकविरहित गाड्यांची शर्यत घ्या. मोहावे वाळवंट, २२८ किलोमीटर, १० लाख डॉलरचं बक्षीस. सगळ्यात पुढे गेलेली गाडी बाराएक किलोमीटरवर एका वळणावर बांधाला अडकून बसली, बाकीच्या त्याच्याही आत. चेष्टा झाली. पुढच्या वर्षी २३ गाड्यांपैकी एक सोडून सगळ्या त्या बारा किलोमीटरच्या पुढे गेल्या, पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली. सरकारनं इथे यंत्र घेतलं नाही की पाया बांधला नाही. प्रश्न मांडला आणि उत्तराला बक्षीस लावलं. पाचर, 'हात काढून घ्या' आणि 'हात वेगळ्या रीतीनं घाला' यात फरक आहे.

रानजाई, तुमच्यासाठी. डोळे कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली, १९९८ पासून ती लागू आहे. रणांगणावर सर्रास वापर व्हायच्या आधीच बंदी, हे क्वचित घडतं. ते जमलं कारण अशी शस्त्रं काय करतील हे लोकांना नेमकं ठाऊक होतं. संशोधनच नसतं तर बंदी कशावर घातली असती?

रानजाई

हा युक्तिवाद नेहमी येतो आणि नेहमी अर्धा येतो. अमेरिकेकडे तेव्हा रायफलीवर बसवायचं असं एक लेझर जवळपास तयार होतं, ते करार व्हायच्या तोंडावर रद्द केलं. आणखी दोन वर्षं गेली असती, हजारोंनी खरेदी झाली असती, तर कुणी सोडलं असतं का ते? संशोधनामुळे बंदी आली नाही, संशोधन कारखान्यापर्यंत पोचायच्या आत आली. फट अरुंद असते ती.

म्हणून माझी मागणी 'बंद करा' अशी नाहीच, हे आता जरा नीट लिहिते. अट पैसा देतानाच घाला. युरोपीय संरक्षण निधीच्या २०२१ च्या नियमांत तसं आहे. माणसाचं अर्थपूर्ण नियंत्रण शक्य नसलेल्या प्राणघातक स्वयंचलित शस्त्रांच्या विकासाला तो निधी मिळत नाही. पळवाटा आहेत, बचावात्मक प्रणालींना सूट आहे, मान्य. पण अट पहिल्या चेकवर आहे.

उंटावरचा

आणि शेजारच्या देशानं अट न घालता बनवलं तर? अट घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं?

(थट्टा करत नाहीये, खरंच विचारतोय. माझा पॉपकॉर्न संपला.)

रानजाई

क्लोरीनच्या वेळी हाच प्रश्न विचारून ब्रिटिशांनी सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसला स्वतःचा वायू सोडला. वाऱ्यानं साथ दिली नाही आणि काही ठिकाणी तो त्यांच्याच खंदकांत आला. हे तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही हे मला कळतं. पण त्या 'तर?' नं कुणाचं संरक्षण झालं तेही कुणीतरी सांगावं.

पाचर

माझं मत थोडं हललंय, लपवत नाही. मधल्या टप्प्यावर पैसा द्या, पण देतानाच लिहून ठेवा की अमुक मोजमाप अमुक तारखेपर्यंत आलं नाही तर बंद. रेलगनच्या बाबतीत 'पट्ट्या इतके बार टिकल्याच पाहिजेत' हा आकडा सुरुवातीलाच भिंतीवर टांगायला हवा होता. आणि तो तपासणारा माणूस त्या प्रकल्पावर पोट असलेला नको.

तिसरी घंटा, बक्षिसाचं मॉडेल गाड्यांना ठीक. ड्रोन पाडणाऱ्या लेझरला कोण स्वतःच्या खर्चानं शर्यतीत उतरणार? ब्रिटनच्या ड्रॅगनफायर या लेझर शस्त्राची २०२४ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरची चाचणी जाहीर झाली तेव्हा 'एका बाराला १० पौंडांहून कमी' हे सगळीकडे छापून आलं. त्याआधी सरकार आणि कंपन्यांनी मिळून घातलेले १० कोटी पौंड त्या दहात नाहीत. धुकं आणि पाऊसही नाहीत.

अवांतर: जुनी फाईल, त्या खोक्याचं पुढे काय झालं?

जुनी फाईल

पाया झाला शेवटी. खोका उघडला तेव्हा वॉरंटी संपून दीड वर्ष झालं होतं. कंपनीचा माणूस पैसे घेऊन आला आणि चालू करून गेला. ज्या प्रकल्पासाठी घेतलं तो तोवर बंद झाला होता, म्हणून यंत्र शेजारच्या विभागानं मागून नेलं. मी निवृत्त झालो तेव्हा ते रोज दोन पाळ्यांत चालत होतं आणि रांग लागायची.

आमच्या दफ्तरी मात्र ते अजून जुन्याच प्रकल्पाच्या नावावर असणार. हस्तांतरणाची फाईल मी टेबलावर सोडून आलो.