नगरपालिकांचं काम १९४८ नंतरही चालूच होतं

‘१९४८ला एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) आली आणि ब्रिटनमधल्या नगरपालिकांचं आरोग्याचं काम संपलं’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. रुग्णालयं त्यांच्या हातून गेली, हे खरं. पण घरी बाळंतपण करणाऱ्या सुईणी, घरोघरी जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर, लसीकरण, रुग्णवाहिका, बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मदतनीस हे सगळं १९७४पर्यंत काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडेच होतं.

शिशुकल्याण केंद्रं तर कित्येकदा चर्चच्या हॉलमध्ये भरत. तिथे बाळाचं वजन व्हायचं, शिवाय युद्धकाळात सुरू झालेलं संत्र्याचा रस, कॉडलिव्हर तेल आणि दूधपावडरीचं वाटपही. या सुईणी, हेल्थ व्हिजिटर आणि मदतनीस बायकांचं श्रेय सरसकट रुग्णालयांच्या खात्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं.