मदत हवी आहे: आबांचा स्टिरिओ दुरुस्त करू की साउंडबारवर भागवू?

माळ्यावरचा:
राम राम मंडळी. घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. आबांनी १९८३ साली घेतलेला स्टिरिओ आहे. ॲम्प्लिफायर, बेल्टवर फिरणारा टर्नटेबल आणि दहा इंची वूफरचे (खर्जाच्या स्पीकरचे) दोन लाकडी खोके. २०१९ च्या पुरात टीव्हीच्या आधी हा माळ्यावर चढला आणि तिथंच राहिला. गेल्या महिन्यात खाली काढला, पिन लावली, तर चक्क चालू!

पण डाव्या बाजूनं सारखा 'हुंऽऽ' येतो, व्हॉल्यूम फिरवला की खरखर. टर्नटेबलचा बेल्ट वितळून डांबर झाला होता, तो नवा बसवला. राजारामपुरीतल्या एका मेकॅनिकनं झाकणही न उघडता "भंगारात घाला" म्हणून सांगितलं. आबा देवल क्लबच्या गाण्याच्या मैफली न चुकवणारे, त्यांचा सेट भंगारात? जीव होईना.

पोरानं दिवाळीत साउंडबार आणलाय. मोबाइलवरून काहीही लागतं, सोय झकास. पण त्याच्यावर डग्गा नुसता धप्प करतो. जुन्यावर घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला नाद) मारलेला कळतो, तानपुरा खोलीभर पसरतो. पोरगं म्हणतं, "बाबा, तुम्हाला आवाज नाही, आबा ऐकू येतात." खरं काय ते जाणकारांनी सांगा, म्हणजे खर्च करायचा की नाही ते ठरवतो.

सोल्डरगन:
इतकी वर्षं पडलेला सेट थेट प्लगात घातलात? नशीब थोर. आधी १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्यातून जाऊन मगच सेटला पोचेल असा लावून चालू करायचा असतो. आत शॉर्ट असला तर बल्ब भगभगतो, सेट वाचतो.
आता, व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर नेला तरी 'हुं' तेवढाच राहतो का? राहिला तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ती सपाट करणारे डबे) सुकले असण्याचा संभव जास्त. कमी झाला तर दोष अलीकडे, टर्नटेबल नाहीतर वायर. मग ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करून बघा. खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. सेट बंद ठेवून मारा आणि बटण वीसेक वेळा फिरवा.

पंचगंगाकाठ:
पुढं 'लाउडनेस' नावाचं बटण आहे का? दाबलेलंच असणार, बघा की. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून १९३३ साली छापलं. ते भरून काढायला हे बटण खालचे सूर उचलतं, बऱ्याच सेटमध्ये वरचेही. त्यात तुमचे वूफर दहा इंची आणि साउंडबारची जाडी केवढी? एवढ्याशा डब्यात हवा ढकलणार किती! बटण बंद करा, दोन्हींचा आवाज सारखा ठेवा आणि मग बोला. थोडा मोठा वाजणारा सेट कानाला सरसच वाटतो. तरीही जुना आवडला, तर नाद खुळा!

माळ्यावरचा:
व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर 'हुं' गेला. पिना बदलल्यावर तो उजवीकडं आला. वायर सोलून बघितली तर डाव्या पिनेपाशी तारेभोवतीची जाळी तुटलेली. शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं दोन मिनिटांत सोल्डरचा डाग दिला, पैसेही घेतले नाहीत.
लाउडनेस दाबलेलंच होतं, आत रुतून बसलेलं. काढल्यावर मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी पुन्हा लावली. खरं सांगतो, निम्मी जादू गेली. पोरगं हसलं. डग्गा मात्र अजून घुमतो, ते त्यालाही कबूल करावं लागलं.
बटण परत दाबलंय. आता एकच विचारतो: कपॅसिटर आत्ताच बदलून घेऊ का, चालतंय तोवर चालू दे?

सोल्डरगन:
फुगलेले किंवा बुडाशी ओलसर दिसले तर लगेच बदला. नवा घ्याल तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट जास्त असले तरी चालतील, कमी नकोत. आणि पिन काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, तेव्हा आत बोट घालू नका. टीव्हीवाल्यालाच बोलवा, आता चहा तरी पाजा त्याला.