नाण्यांच्या रीती: लूपची अदलाबदल केली की ४ चे ९ का होतात?

सांगलीची_कोडर
मुलाखतींची तयारी करतेय. १, २ आणि ५ ची नाणी हवी तितकी आहेत, तर ५ रुपये किती रीतींनी देता येतील? कागदावर ४ येतात: ५, २+२+१, २+१+१+१, पाच वेळा १. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगमध्ये (लहान रकमांची उत्तरं साठवून त्यांवरून मोठ्या रकमेचं काढायचं) बाहेर नाण्यांचा लूप आणि आत रकमेचा ठेवला तरी ४ च. पण दोन लूपची अदलाबदल केली की ९! आतली ओळ तीच: रीती[र] += रीती[र − नाणं], म्हणजे र रुपयांच्या रीतींत ते नाणं वगळून उरलेल्या रकमेच्या रीती मिळवायच्या. पाठ करायचं नाहीये, हे का होतं ते समजून घ्यायचंय.

झटपट
दुसऱ्या प्रकारात क्रमही मोजला जातो. २+२+१, २+१+२, १+२+२ या तीन वेगळ्या रीती धरल्या जातात.

मात्रामोजणी
बरोबर. पण तक्ता एकदा हातानं भराच, त्याशिवाय हे मनात बसत नाही. रीती[०] = १, कारण काहीच न देण्याची रीत एकच. आता रक्कम ० ते ५:

फक्त १ चं नाणं: १ १ १ १ १ १
२ चं आल्यावर: १ १ २ २ ३ ३
५ चं आल्यावर: १ १ २ २ ३ ४

१ च्या नाण्याचं काम संपलं की आपण त्याच्याकडे परत जात नाही. त्यामुळे २ नंतर १ अशी मांडणी तयारच होत नाही, आणि प्रत्येक गट एकाच क्रमानं, एकदाच मोजला जातो.

रकमेचा लूप बाहेर नेला की प्रश्नच बदलतो: या रकमेत शेवटचं नाणं कोणतं? तिथे प्रत्येक रकमेला सगळी नाणी पुन्हा हजर असतात. मला हा दुसरा प्रश्न फार आवडतो, कारण तो आपल्याकडच्या छंदशास्त्रातला जुना आहे. लघू म्हणजे १ मात्रा, गुरू म्हणजे २. चार मात्रांच्या रचना किती? शेवटी लघू असेल तर आधीच्या ३ मात्रांच्या ३ रचना, गुरू असेल तर आधीच्या २ मात्रांच्या २; म्हणून ३ + २ = ५. जैन विद्वान हेमचंद्रांनी हा नियम बाराव्या शतकात दिला, छंदशास्त्रकार विरहांक तर त्यांच्याही आधीचे. या आकड्यांना आज ज्याचं नाव आहे, त्या इटालियन गणिती फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. पाच मात्रांच्या रचना तशाच ५ + ३ = ८. त्यात तुमचं एकटं ५ चं नाणं मिळवा: ९. कवितेत क्रम बदलला की चाल बदलते, म्हणून तिथे ९ वालाच लूप हवा. गल्ल्यावर सुटे देताना ४ वाला.

सांगलीची_कोडर
शेवटचं नाणं कोणतं, हे वाचलं आणि कळलं! १० आणि २० ची नाणीही घेऊन २० रुपयांच्या रीती काढल्या, ४१ आल्या. बरोबर का?

मात्रामोजणी
बरोबर. १० आणि २० ची नाणी न वापरता २९, दहाचं एक घेतलं तर उरलेल्या दहाच्या १०, दहाची दोन घेतली तर १, आणि एकटं वीसचं १.