सासऱ्यांच्या मागे तीन बंदुका राहिल्यात, किंमत कशी काढायची आणि करायचं काय?

जावईबापू_दादर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाच आहे, हसू नका. सासरे मार्चमध्ये गेले, ८६ वर्षांचे होते. हिंदू कॉलनीत जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचे, आता तिथे सासूबाई एकट्याच. परवा गोदरेजचं कपाट आवरायला काढलं तर खालच्या कप्प्यात जुन्या धोतरात गुंडाळलेल्या तीन बंदुका. म्हणजे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बाबांचं खातं, कोणी हात लावायचं नाही. फक्त खंडेनवमीला बाहेर यायच्या, झेंडूची फुलं वाहायची, तेल लावायचं की परत आत. एक बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) दुनळी, तिच्यावर डब्ल्यू डब्ल्यू ग्रीनर असं कोरलंय, एक बीएसएची पॉइंट टूटू रायफल आणि एक वेब्लीचं पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हर. लायसन्सचं पुस्तक सापडलं, पोलीस आयुक्तांनी दिलेलं, तिन्ही नोंदवलेल्या आहेत पण मुदत २०१८ लाच संपलीये, नंतर बाबा अंथरुणालाच खिळले त्यामुळे कोणी लक्षच दिलं नाही.
आता घरात तीन मतं. बायको म्हणते दुनळी मी ठेवणार, बाबांची आठवण. मेव्हणा ह्यूस्टनला असतो, तो म्हणतो अँटिक आहे, पार्सल कर इकडे. आणि शेजारचा पोरगा म्हणतो ऑनलाइन टाका, लाखो मिळतील. मला फक्त एवढंच कळतं की रात्री झोप येत नाही. उद्या उबर करून एखाद्या डीलरकडे दाखवायला नेऊ का? किंमत कोण काढून देतं?

छर्रा_नंबर_४:
अहो थांबा थांबा, उबर कॅन्सल करा. लायसन्स सासऱ्यांच्या नावावर होतं, तुमच्या नाही, तेही संपलेलं, म्हणजे रस्त्यात नाकाबंदीला अडवलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही आणि पिशवीत रिव्हॉल्व्हर. ऑनलाइनचं तर नावच काढू नका, फोटोपण कुठे टाकू नका, व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवरसुद्धा. मेव्हण्याला सांगा बंदूक म्हणजे लोणच्याची बरणी नाही कुरिअर करायला, बाहेर पाठवायला वेगळी सरकारी परवानगी लागते, आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.
आता किंमतीचं. मी स्वतः बरीच वर्षं नेमबाजी करतो म्हणून सांगतो, आपल्याकडे जुन्या विलायती बंदुकांना भाव आहे तो कारागिरीपेक्षा टंचाईमुळे जास्त. १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसाला बाहेरून शस्त्र मागवणं बंद झालं, त्यामुळे तेव्हा जेवढी होती तेवढीच आजही या हातातून त्या हातात फिरतायत. म्हणून चांगल्या स्थितीतलं इंग्लिश रिव्हॉल्व्हर लाखांत जातं, आणि साधी देशी एकनळी काही हजारांत पण कोणी विचारत नाही. आणि घेणारा लायसन्सवालाच पाहिजे, त्याच्या लायसन्सवर जागा पाहिजे, म्हणून गिऱ्हाईक मुळातच मोजकी.
तुमच्या ग्रीनरचं मात्र बघावं लागेल. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते का? दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस घातलं तर नळी फाटून हात जाऊ शकतो. नळीच्या खालच्या बाजूला बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचे, बारीक शिक्के असतात, नायट्रो प्रूफ म्हणजे आजच्या दारूचा दाब सोसेल अशी तपासलेली आहे की नाही ते त्यावरून कळतं, पण ते जाणकाराला बघू द्या, तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. आणि प्लीज घासूनपुसून चकाचक करू नका! जुनी झळाळी गेली, नंबर पुसट झाला की अर्धी किंमत तिथेच गेली. कातडी पिशवी असेल तर तिच्यातून मात्र बाहेर काढून ठेवा, पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो.

देवरुखकर:
किंमत राहूद्या, आधी भरलेली नाही ना ते बघा. म्हणजे तुम्ही नाही, माहितगार माणसाने. आमच्या गावाकडे आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर होती, सगळे म्हणायचे रिकामी आहे, पोरं तिच्याशी चोर-पोलीस खेळायची. लायसन्स बदलताना बघितलं तर आत दारू नि छर्रे तसेच ठासलेले, किती वर्षांचे देव जाणे. तेव्हापासून मी रिकामी या शब्दावर विश्वास ठेवत नाही. ट्रिगरला बोट नको आणि नळी कोणाकडेच नको, खालच्या मजल्याकडेपण नको.

निवृत्त_हवालदार_परळ:
या कामात बरीच वर्षं गेली म्हणून लिहितो. घाबरू नका पण उशीरपण करू नका. लायसन्सधारक वारला की वारसाला हत्यार घरी ठेवायचा हक्क नसतो, आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही, वारसाने नंतर लायसन्स काढलं तर परत मिळतं किंवा लायसन्सवाल्याला विकता येतं.
साध्या कागदावर अर्ज करा, सासरे कधी वारले, कुठली हत्यारं, कुठल्या नंबरची, किती काडतुसं, सगळं लिहा, सोबत मृत्यू दाखला आणि लायसन्सची झेरॉक्स. आपल्या कॉपीवर पोच घ्या, शिक्क्यासकट, हे विसरू नका. हत्यार कसं आणायचं ते त्यांनाच ठरवू द्या, बरेचदा माणूस येतो घरी. डीलरकडे ठेवलंत तर भाडं द्यावं लागतं पण तेलपाणी होतं, ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत कोण बघणार.
तीनचं लायसन्स आहे म्हणता, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच, वारसाहक्काने मिळालं तरी दोनच. तिसरं खरं तर डिसेंबर २०२० पर्यंत जमा व्हायला पाहिजे होतं. ते अर्जात स्वतःहून लिहा, लपवाछपवी केली की साधं काम अवघड होतं.
मॅडमना ठेवायचं असेल तर त्यांच्या नावाने नमुना ए-१ मध्ये अर्ज, बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, सासूबाईंचंसुद्धा. मेव्हण्याचं ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणा, नुसती ईमेल चालणार नाही. शिवाय मेडिकल आणि शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं. विकायचं असेल तर आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं, मग व्यवहार.

जावईबापू_दादर:
सगळ्यांचे आभार, विशेषतः हवालदारसाहेब. पण आज अजून एक घोळ. ड्रॉवरमध्ये बिस्किटाच्या डब्यात काडतुसं मिळाली, बारा बोअरची हिरवी झालेली आणि दोन लांबोडकी, बूडावर ३०३ असं काहीतरी दिसतंय. सासूबाई म्हणतात निर्माल्याबरोबर माहीमच्या खाडीत सोडून दे, कोणाला कळतंय. आणि हॉलमध्ये चितळाची शिंगं टांगलीयेत, बाबांनी साठच्या दशकात शिकार केली होती म्हणे, ती पण यातच येतात का?

छर्रा_नंबर_४:
खाडीत काहीही सोडू नका हो! हिरवी झालेली काडतुसं ठोकू-बिकू नका, डबा उन्हात ठेवू नका, तसाच बाजूला राहूद्या. थ्री नॉट थ्री म्हणजे लष्करी बोअर, सामान्य लायसन्सवर चालतच नाही, म्हणून तर आपल्याकडे लोकांसाठी पॉइंट थ्री वन फाइव्हची रायफल आली. त्या दोन गोळ्यांची किंमत शून्य आणि डोकेदुखी सगळ्यात जास्त.

निवृत्त_हवालदार_परळ:
अर्जात वेगळ्या ओळीत लिहा, "आवराआवर करताना ३०३ ची दोन काडतुसं मिळाली, जमा करत आहोत". वकिलाला एकदा अर्ज दाखवून घ्या, तेवढी फी द्या. शिंगांचा विषय पोलिसांचा नाही, वन विभागाचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मालकीचं प्रमाणपत्र काढलं होतं का शोधा. २००३ मध्ये जाहीर करायला १८० दिवस दिले होते, तेव्हा बऱ्याच जुन्या घरांनी काढून घेतली. असेल तर वारसाकडे राहू शकतात, विकता येत नाहीत. नसेल तर वन विभागाला लेखी कळवून द्या देऊन.

लोअरपरेल_लता:
माझ्या माहेरी सेम झालं होतं, फक्त आमच्याकडे तलवार. नऊ इंचापेक्षा लांब पातं म्हणजे ते पण विचारून घ्या हं, असली काही असेल तर. बाकी जावईबापू तुम्ही सासूबाईंपेक्षा जास्त टेन्शनमध्ये दिसताय 😄

जावईबापू_दादर:
अपडेट देतो, महिना होऊन गेला. अर्ज दिला, दोन माणसं घरी आली, आधी बंदुका नीट तपासल्या, रिकाम्याच होत्या, देवरुखकरांना सांगतो. त्या दोन गोळ्यांवर तासभर प्रश्न झाले, लायसन्स पुस्तक चाळलं, जबाब घेतला, सही केली. नंतर परवानगी काढून तिन्ही हत्यारं डीलरकडे हलवली. त्याने बघितल्या बघितल्या रिव्हॉल्व्हरला गिऱ्हाईक आहे म्हणाला, आकडा इथे लिहीत नाही पण शेजारचा पोरगा अगदीच चुकला नव्हता. पॉइंट टूटूसुद्धा जाईल म्हणे, नळी आतून स्वच्छ आहे. ग्रीनर निघाली दमास्कस, नायट्रो प्रूफ नाही, एका घोड्याची स्प्रिंगपण गेलीये, म्हणजे तिघींत सगळ्यात देखणी आणि सगळ्यात कमी भावाची. बायकोने लगेच सांगितलं मला हीच पाहिजे, बाकीच्या दोन विका. ए-१ भरलाय, ट्रेनिंगची तारीख मिळायचीये, मेव्हण्याचं ना-हरकत अजून ह्यूस्टनमध्येच अडकलंय कारण त्याला वकिलातीत जायला सुट्टी मिळत नाही. शिंगांचं प्रमाणपत्र सोसायटीच्या जुन्या फाइलीत, पाणीपट्टीच्या पावत्यांमध्ये सापडलं. आणि ते धोतर मी डीलरकडेच विसरून आलो होतो, सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी परत पाठवलं मला आणायला.