पटाच्या नाटकासाठी कंपनी ठरवायची आहे, नट कसा पारखावा?

झाडीतला प्रेक्षक (ब्रह्मपुरी तालुका):
यंदा आमच्या गावच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीचं नाटक ठरवायचं काम मंडळानं माझ्या गळ्यात घातलं आहे. वडशाला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावी, जायचं, कंपन्यांच्या ऑफिसांत फिरायचं, बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम द्यायची, हे सगळं ठीक. पण वडशात पन्नासेक कंपन्या, सगळ्यांचे बॅनर सारखे, आणि सोबतच्या पोरांचा पहिला सवाल, "डान्स किती?" नट कोण, काम कसं करतो, हे कोणी विचारतच नाही. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा हीच पोरं स्टेटस ठेवत होती!

मागच्या साली मंडळानं टीव्हीवरची नायिका पाहून कंपनी आणली. बाई वरून टांगलेल्या माईकखाली येऊन उभी राहायची, विंगेतून प्रॉम्प्टरचं वाक्य यायचं, ते आम्हालाही ऐकू यायचं, मग ती तेच म्हणायची. रात्रभर प्रत्येक वाक्य दोनदा. दुसऱ्या अंकात मागची ताडपत्री रिकामी, लोक शेकोटीजवळ.

त्याच नाटकात बापाचं काम एका वयस्क नटानं केलं. बॅनरवर त्याचं नावही नव्हतं. सावकार बोलतोय आणि हा नुसता सातबाऱ्याचा कागद घडी घालतोय. एक घडी, दुसरी, तिसरी. मग तो इवलासा कागद बंडीच्या खिशात ठेवतो आणि वरून खिसा दाबून पाहतो. तोंडातून शब्द नाही. शेकोटीवरचे लोक उठून परत आले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

असा नट कंपनीत आहे की नाही, हे बयाणा देण्याआधी कळायचं कसं? आमचं पब्लिक साधं नाही. 2014 च्या बंदीनं पट थांबला तरी आम्ही नाटक थांबवलं नाही. 2021 च्या डिसेंबरात कोर्टानं परवानगी दिल्यावर बैल परत आले, नाटक तर होतंच.

विंगेतला:
काका, मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणून थोडी आमचीही बाजू. आपल्याकडचा नट आज सावकार, उद्या इन्स्पेक्टर, परवा तिसऱ्याच नाटकात आंधळा बाप. जागरण करून दिवसा गाडीत झोपतो. त्याला शब्द द्यावाच लागतो, त्यात लाज कसली? फरक घेण्यात असतो. चांगला नट समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता माझा शब्द उचलतो आणि आपल्या श्वासावर टाकतो. कच्चा नट मान विंगेकडे वळवून उभा राहतो. तुम्ही कान माझ्याकडे देऊ नका, त्याच्या मानेकडे बघा.

दुसरं, ऑफिसात बसून काही कळत नाही. ज्या कंपनीचा विचार आहे तिचा दुसऱ्या गावातला प्रयोग बघा, तोही मागे उभं राहून आणि तिसऱ्या अंकात. पहिला अंक सगळेच रेटतात. पहाटे तीनला घसा बसलेला असताना कोण वाक्याचा शेवट गिळत नाही, तो तुमचा नट. आणि दिवाळीनंतरच्या मंडईतले, म्हणजे गावच्या जत्रेतले, पहिले प्रयोग पाहून मत करू नका. संक्रांतीपर्यंत नाटक बसतं.

माहेर आरमोरी:
मी आता पुण्यात असते. इथले मैत्रिणी-मित्र आपल्या नाटकांना "फार आरडाओरडा" म्हणतात. त्यांना एकदा धानाच्या बांधीत थंडीत हजारभर माणसांपुढे उभं करायला हवं, मग हळू बोलून दाखवा म्हणावं. पण माझीही एक तक्रार आहे. मंडईत अर्ध्या बाया असतात आणि स्टेजवरच्या बाईला काम काय? रडणारी बहीण, नाहीतर घर फोडणारी. काका, कंपनीला एवढं जरूर विचारा की बाईच्या भूमिकेला रडण्यापलीकडे किती प्रवेश आहेत. त्यावरून लेखकाचा आणि दिग्दर्शकाचाही अंदाज येतो.

ऑर्गनवाला:
माझी कसोटी जुनी आहे. कंपनी 'एकच प्याला' करत असेल तर तेच बघा. त्याचे लेखक राम गणेश गडकरी आपल्याच सावनेरला जानेवारी 1919 मध्ये वारले. नाटक रंगभूमीवर आलं त्यानंतर महिनाभरात, म्हणजे त्यांनी प्रयोग पाहिलाच नाही. असो.

त्यात तळीराम कोणीही काढतो, त्याला हशा आयता मिळतो. खरी मेख सुधाकरात. हा माणूस हुशार वकील आहे, मानी आहे, सनद गेल्याचा अपमान त्याला जाळतो. निम्मे नट पहिल्या प्रवेशापासूनच डोळे जड करून येतात, जणू घरूनच पिऊन निघाले. मग पुढे पडायला जागाच उरत नाही. ज्याचा सुधाकर सुरुवातीला ताठ उभा राहतो, कोर्टातल्यासारखा स्वच्छ बोलतो, त्याच्याच बायकोला, सिंधूला, दळणाला बसलेलं पाहून पोटात कालवतं. अशा नटाच्या मागे आम्हाला वाजवायलाही कमी लागतं. बाकीच्यांसाठी प्रत्येक वाक्याला "ढँण" द्यावा लागतो, बोटं दुखतात.

पटाचा बंड्या:
काका, डान्सले नावं कायले ठेवता? खुर्चीचं तिकीट कोन घेते? आमीच. मंडपाचा, लायटीचा खर्च त्यातूनच निंगते ना. मले बी तो कागदवाला बुढा आवडला होता, खोटं नाई सांगत. पन डान्स एकदम बंद केले तं पोट्टे बाजूच्या गावाले जातीन. पहिल्या अंकानंतर दोन डान्स घ्या, मंग रात्रभर बापाले रडू द्या.

झाडीतला प्रेक्षक:
बंड्या, दोन कबूल. पण तिसऱ्या अंकात एकही नाही, हे कंपनीला बयाण्याच्या कागदावरच लिहून मागणार. मागच्या साली बापाच्या तिरडीनंतर लगेच लावणी लागली होती, आठवते ना?

विंगेतला भाऊ, मानेची गोष्ट पटली. ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारतो, उत्तर आलं की इथंच टाकतो. ऑर्गनवाले दादा, 'एकच प्याला' सध्या कोणती कंपनी करते ते ठाऊक असेल तर कळवा. आणि त्या कागदवाल्या नटाचा यंदा कोणत्या कंपनीशी करार आहे, कोणाला माहीत आहे का? मागच्या कंपनीनं फोनवर "ते आता आमच्याकडे नाहीत" एवढंच सांगितलं.

विंगेतला:
ओळखलं त्यांना. नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला निरोप टाकला आहे. पुढच्या आठवड्यात वडशाजवळच प्रयोग आहे, या. उभं राहायचं मात्र मागेच.

पटाचा बंड्या:
गाडीत एक शीट माझी धरा.