घरी विंडोज, ऑफिसात लिनक्स: पर्ल शिकायला सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मी अकाउंट्सला आहे, प्रोग्रामिंग कधी केलं नाही. ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री जुन्या पर्ल स्क्रिप्ट चालतात, त्या लिहिणारे काका रिटायर झाले आणि आता त्या माझ्याकडे आल्यात. घरी विंडोज लॅपटॉप आहे. काय इन्स्टॉल करू, कुठून सुरू करू? आणि घरी लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट घरी मस्त चालते पण सर्व्हरवर टाकली की 'बॅड इंटरप्रिटर' येतं, ते काय आहे?

प्रतिसाद १
ताई, एररमधे शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम दिसतोय का बघा. विंडोजवर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन न दिसणारी कॅरेक्टर बसतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, लिनक्सवर नुसतं लाइन फीड. मग पहिल्या ओळीत पर्लचा जो पाथ लिहिलाय त्याला कॅरेज रिटर्न चिकटतं आणि लिनक्स त्या भलत्याच नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. नोटपॅड प्लस प्लसमधे एडिट मेनूत ईओएल (एंड ऑफ लाइन, ओळीचा शेवट) कन्व्हर्जन आहे, तिथे युनिक्स निवडून सेव्ह करा.

डेटा फाइलचंही हेच. विंडोजवरून आलेली सीएसव्ही लिनक्सवर वाचली की चॉम्प (ओळीचा शेवट कापणारं पर्लचं फंक्शन) फक्त लाइन फीड काढतं, कॅरेज रिटर्न तसंच राहतं. माझे यात दोन दिवस गेलेत, शेवटच्या कॉलमातलं 'पुणे' आणि माझं 'पुणे' स्क्रीनवर अगदी सारखं दिसायचं आणि मॅच काही व्हायचं नाही.

विंडोजवर स्ट्रॉबेरी पर्ल टाका, सोबत कंपायलर येतो त्यामुळे सीपॅनवरची (पर्लचं ऑनलाइन भांडार) मॉड्यूल्स, म्हणजे तयार कोडचे संच, बसवताना अडत नाही. सर्व्हरवर 'पर्ल डॅश व्ही' करून व्हर्जन बघा आणि त्याहून नवीन काही वापरू नका. तिथल्या सिस्टीम पर्लमधे (लिनक्ससोबतच आलेलं पर्ल) मॉड्यूल अजिबात टाकू नका, सिस्टीमची स्वतःची कामं त्यावर चालतात. पर्लब्रू नावाचं टूल वापरून स्वतःसाठी वेगळं पर्ल घ्या.

प्रतिसाद २
सरळ पायथन शिका की, आता नव्याने पर्ल कशाला?

प्रतिसाद १
अहो, पण रात्री चालतंय ते पर्ल आहे ना. आधी ते वाचता आलं पाहिजे, नवीन लिहायचं नंतर बघू.

प्रतिसाद ३
नेटवर शोधताना पर्ल 6 दिसलं तर सोडून द्या, ती वेगळीच भाषा आहे, 2019 मधे तिचं नाव राकू झालं. तुमच्याकडे पर्ल 5 असणार, ते 1994 पासूनचं. प्रत्येक स्क्रिप्टच्या वर यूज स्ट्रिक्ट, यूज वॉर्निंग्ज लिहायची सवय लावा, म्हणजे चुका पर्ल स्वतःच दाखवतं. काकांच्या स्क्रिप्टमधे नसेल तर कॉपीवर लावून बघा, मूळ फाइलला हात नको. पाथमधे उलटा स्लॅश टाळा, साधा स्लॅश पर्लला विंडोजवरही चालतो. वन-लायनर (कमांडमधेच लिहिलेला एका ओळीचा प्रोग्राम) मात्र लिनक्सवर सिंगल कोटमधे लिहितात, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला डबल कोटच लागतात.

मराठी नावं असतील तर एक करून बघा. फाइल यूटीएफ-8 मधे सेव्ह करा आणि 'मराठी' या शब्दाची लेंग्थ काढा, 15 येईल, कारण पर्ल बाइट मोजतंय. वर यूज यूटीएफ8 लिहा, 5 येईल, काना आणि वेलांटी वेगळी मोजून.

धागाकर्ती
ईओएल बदललं आणि चाललं! लेंग्थपण केली, आधी 15 मग 5, अगदी तसंच. आता काकांच्या सगळ्यात लहान स्क्रिप्टची कॉपी घेऊन स्ट्रिक्ट लावते आणि जे काय एरर येतील ते उद्या इथे टाकते.